गर्भाशयमुखाचा कॅन्सर हृदयात पसरणं

गर्भाशयमुखाचा कॅन्सर, बोलीत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, हृदयापर्यंत पोचणं फारच दुर्मिळ. यावर मेडिकल जर्नल्समध्ये जे काही सापडतं ते बहुतेक एकेका पेशंटच्या केस रिपोर्टच्या रूपातच. एरवी हा कॅन्सर शेजारीपाजारीच हातपाय पसरतो, योनी, मूत्राशय, गुदाशय, ओटीपोटातल्या लिम्फ नोड्स, आणि लांब गेलाच तर फुप्फुसं, लिव्हर, हाडं. हृदयात गेला म्हणजे स्टेज फोर बी, म्हणजे लांबच्या अवयवांत पसरलेली शेवटची पायरी.

जातो कसा, तर रस्ता सरळ आहे. ओटीपोटातलं रक्त खालच्या महाशिरेतून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतं. लिम्फचा (पेशींभोवतालून गोळा होणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाचा) रस्ता वेगळा, ती मोठ्या नळीतून वर चढते आणि डाव्या बाजूला मानेच्या बुडाशी शिरेत सांडते, पण तिथून पुढे तीही उजव्याच कप्प्यात, त्यामुळे गाठ सापडते ती बऱ्याचदा उजव्या बाजूला. मग प्रश्न पडतो की सगळं रक्त जर इथूनच जातं तर हे इतकं क्वचित का? कारण असं देतात की सतत धडधडणाऱ्या स्नायूत आणि एवढ्या जोराच्या प्रवाहात कॅन्सरच्या पेशींना बूड टेकवायला जागाच मिळत नाही.

खरी पंचाईत लक्षणांची. दम लागतो, पाय सुजतात, धडधडतं, पण या बायकांचं हिमोग्लोबिन रक्तस्रावाने आधीच उतरलेलं, वर केमो चालू, मग दम लागतोय तो अशक्तपणाने असंच सगळे धरून चालतात. कधी ईसीजी अगदी हार्ट अटॅकसारखा दिसतो आणि अँजिओग्राफीत ब्लॉक काहीच नाही! गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकला तर जिवावरच बेततं.

दुसरा प्रकार हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी होण्याचा. (यालाही पिशवीच म्हणतात, त्यामुळे 'पिशवीत पाणी झालंय' म्हटलं की नातेवाइकांचा हमखास गोंधळ.) या आवरणात एरवी 15 ते 50 मिली पाणी असतंच. हळूहळू साठलं तर लिटरभरही मावतं, पण झपाट्याने साठलं तर 150-200 मिलीसुद्धा हृदयाला दाबून टाकायला पुरे, बीपी पडतं, मानेच्या शिरा फुगतात. तेव्हा छातीच्या हाडाखालून सुई घालून पाणी काढतात, ते बऱ्याचदा रक्ताळलेलं असतं, आणि लॅबमध्ये त्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या की निदान पक्कं.

पहिली तपासणी टूडी इकोची (हृदयाची सोनोग्राफी), स्वस्त आणि पलंगाजवळच होते. त्यात दिसलेली गोष्ट गाठ आहे की रक्ताची गुठळी हे ठरवायला एमआरआय, कारण गाठ कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध, चित्र उठून दिसावं म्हणून) ओढते, गुठळी सहसा नाही. पेट स्कॅन (यात किरणोत्सारी ग्लुकोज देऊन ते कुठे जास्त ओढलं जातं ते बघतात) इथे फसवू शकतो, हृदयाचा स्नायू स्वतःच ग्लुकोज खातो आणि चमकतो.

उपचार केमोचे, क्वचित ऑपरेशन किंवा रेडिएशन, पण बहुतेकींना त्यानंतर काही महिनेच मिळतात.

म्हणून जोर आधीच पकडण्यावर हवा, आणि त्याचा मोठा पुरावा आपल्याकडचाच आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सुमारे 1.31 लाख बायकांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2009 साली आले. ज्या गटात एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा व्हायरस) टेस्ट झाली तिथे या कॅन्सरने 34 मृत्यू, आणि स्क्रीनिंग न झालेल्या, आकाराने थोड्या लहानच गटात 64.