जाम बोल्ट व स्क्रू काढणे (जुनी वाहने)

गंज, रंगाचे थर, उष्णता किंवा दोन भिन्न धातूंचा संपर्क यांमुळे घट्ट बसलेले बोल्ट, नट, स्टड व स्क्रू मूळ भागाचे आटे न बिघडवता सोडवण्याची क्रिया. कोणती पद्धत वापरावी हे बोल्ट कशामुळे जाम झाला यावर ठरते. जोर लावण्याचा टप्पा सर्वांत शेवटी येतो.

लोखंड गंजून होणारी ऑक्साइडे व जलयुक्त ऑक्साइडे मूळ धातूच्या सुमारे दोन ते सहा पट जागा व्यापतात. आट्यांमधली बारीक फट त्यांनी भरून गेली की नट बोल्टाला आवळून धरतो. मुंबई, कोकण व गोव्याच्या खाऱ्या हवेत क्लोराइडांमुळे ही क्रिया वेग घेते. अॅल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या आवरणात) बसवलेल्या पोलादी स्क्रूंची गोष्ट वेगळी आहे. ओल शिरल्यावर तेथे विद्युत्-रासायनिक झीज होते, अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी आट्यांत साचते आणि डोके वरून स्वच्छ दिसत असूनही स्क्रू हलत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी आट्यांचे मानक ओळखणे आवश्यक असते. मद्रासमध्ये 1955 पासून जुळणी होऊ लागलेल्या रॉयल एनफिल्ड बुलेट मोटारसायकलमध्ये दीर्घकाळ ब्रिटिश मानकांचे, जीपमध्ये अमेरिकन, तर प्रीमियर पद्मिनी व बजाज चेतकमध्ये मेट्रिक बोल्ट आढळतात. व्हिटवर्थ या ब्रिटिश मानकाच्या (1841) आट्याचा कोन 55°, तर अमेरिकन गाड्यांतल्या युनिफाइड (1948–49) व मेट्रिक आट्यांचा 60° असतो. पाव इंची व्हिटवर्थ आणि पाव इंची युनिफाइड कोर्स (जाड आट्यांचा प्रकार) या दोहोंत इंचाला 20 आटे असल्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर चढतो, पण आवळताना आटे चिमटतात. अनेक हातांखालून गेलेल्या गाड्यांत अशी सरमिसळ नेहमी सापडते. पान्यांचेही तसेच आहे. 5/16 इंची बीएसएफ (बारीक आट्यांचे ब्रिटिश मानक) बोल्टाचे डोके 0.525 इंच, म्हणजे 13.3 मिमी. रुंद असते. त्यावर 13 चा पाना बसत नाही आणि 14 चा सैल राहून कोपरे गोल करतो. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना बहुधा उलटे आटे असतात, त्यामुळे स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर आहे का ते पाहिल्याशिवाय पान्याला पाइप लावू नये.

रंगाखाली दबलेल्या स्क्रूची खाच तुटक्या करवत-पात्याच्या टोकाने तळापर्यंत कोरून काढतात. डोक्याभोवती धारदार पात्याने रंग कापून घेतला नाही, तर स्क्रूबरोबर आजूबाजूचे पापुद्रे निघतात. जुन्या प्रायमरमध्ये (रंगाखालच्या पहिल्या थरात) शिसे असण्याची शक्यता असते. म्हणून तो कोरडा घासू नये. ओला करून किंवा पेंट रिमूव्हर लावून काढावा.

चौफुली खाचेचा (स्टार) स्क्रू हा या कामातला सर्वांत त्रासदायक प्रकार होय. ही खाच हेन्री फिलिप्स याच्या नावाने ओळखली जात असली, तरी मूळ कल्पना जॉन थॉम्प्सन याची असून त्याने 1930 च्या दशकाच्या आरंभी तिचे पेटंट घेतले होते. फिलिप्सने हक्क विकत घेऊन तीत सुधारणा केल्या. कॅडिलॅक मोटारींच्या जुळणीत तिचा वापर 1936 च्या सुमारास सुरू झाला. जास्त जोर पडताच ड्रायव्हर खाचेतून वर सटकावा, अशीच तिची मुद्दाम रचना केली होती, असे सर्रास सांगितले जाते. सुरुवातीच्या पेटंटांत मात्र या हेतूचा उल्लेख नाही. 1949 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित रचनेच्या पेटंटात तो येतो. त्यामुळे सटकणे हा मूळ आकाराचा परिणाम होता व त्याला उपयुक्ततेचे रूप नंतर मिळाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जपानी तंत्राच्या मोटारसायकलींवरील खाच दिसायला अशीच, पण जपानी मानकाची असते. फिलिप्स ड्रायव्हरचे टोक तिच्या तळाला आधी टेकते, बाजू नीट धरत नाहीत व खाच खरवडली जाते. अशा स्क्रूच्या डोक्यावर अनेकदा एक ठिपका असतो. येथे हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर उत्तम. प्रत्येक ठोका टोकाला खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो. पातळ आवरणाला मात्र मागून आधार द्यावा लागतो.

तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारे तेल लावतात व किमान 12 ते 24 तास मुरू देतात. मधूनमधून पुन्हा तेल घालून डोक्यावर हलके ठोके देतात. डब्ल्यूडी-40 हे 1953 मध्ये मुळात गंज सोडवण्यासाठी नव्हे, तर पाणी हटवण्यासाठी तयार झालेले द्रव्य आहे. असिटोन व ऑटोमॅटिक गिअरचे तेल समप्रमाणात घेतलेल्या मिश्रणाची ख्याती मोठी आहे, पण दोन्ही लवकर वेगळी होतात, असिटोन रंग उतरवते आणि झटकन पेटते. यानंतर सहाकोनी गोटी (सॉकेट) वापरून आधी किंचित आवळतात, मग पाव फेरा सोडून पुन्हा मागे घेतात. त्यामुळे गंजाचा चुरा आट्यांत अडकत नाही. 8.8 प्रतीच्या (हा आकडा ताकद दर्शवतो) 8 मिमी. बोल्टाला आवळण्यासाठी सुमारे 25 न्यूटन-मीटर पुरतात. 30 सेंमी. दांड्याच्या टोकाशी 30 किलोंचा भार दिला तर जवळजवळ 88 न्यूटन-मीटर होतात, म्हणजे बोल्ट तुटतोच.

उष्णता नटाला द्यावी, बोल्टाला नव्हे. अॅल्युमिनियमचे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असते, तापमान 100° से.ने वाढवल्यावर 8 मिमी. छिद्र बोल्टापेक्षा सुमारे 0.009 मिमी. अधिक मोठे होते. फरक एवढासा असला तरी साचलेला थर तडकायला तो बहुधा पुरतो. 8.8 प्रतीचा बोल्ट 425° च्या पुढे तापला तर त्याची ताकद घटू शकते, म्हणून तो बदलावा. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे होज व रबरी बुश यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर लावलेला भाग तापवल्यास विषारी फॉस्जीन वायू निर्माण होऊ शकतो.

डोके तुटल्यास उरलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड करतात. वेल्डिंगची उष्णता आणि पकड दोन्ही एकदमच मिळत असल्याने हा उपाय ईझी-आउटपेक्षा (तुटक्या बोल्टात छिद्र पाडून त्यात उलटे फिरवायचे हत्यार) पसंत करावा. ईझी-आउट कठीण व ठिसूळ असते आणि आत तुटल्यास साध्या ड्रिलने कापले जात नाही. वेल्डिंग शक्य नसेल तर मध्यभागी पंच मारून आधी बारीक व नंतर मोठे ड्रिल चालवतात, 8 मिमी. आट्यांसाठी 6.8, तर 6 मिमी.साठी 5 मिमी. ही मर्यादा. छिद्र मध्यावरून सरकले तर आटे जातात व हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावी लागते. स्प्रिंगच्या यू-बोल्टचे नट मात्र छिन्नीने फोडलेले बरे, कारण ते बोल्ट परत वापरायचे नसतात.

परत बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस लावल्यास घर्षण घटते व तेवढ्याच आवळण्याने बोल्टावर ताण जास्त येतो. म्हणून आवळण्याचे मान कमी करतात. चाकांच्या नटांना हे ग्रीस लावत नाहीत.