कार्डावरचा आकडा आणि वावरातला कर्ब

मे महिन्यात दारव्हा तालुक्यातल्या एका वावरात मातीचे नमुने काढत होतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटून झाली होती आणि काळ्या जमिनीला पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. वावराचे मालक काकांनी घरून माती परीक्षणाची दोन कार्डं आणली. जुन्यावर सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत उरलेला कार्बन, ०.४५ टक्के, नव्यावर ०.५८.

"०.५ च्या खाली कमी, वर मध्यम. म्हंजे वाढलाच ना भाऊ?"

मला मनापासून हो म्हणायचं होतं. आधी विचारलं, "मागच्या खेपेस माती कुठून काढली होती?"

"तिकडं, नाल्याच्या अंगानं. अवंदा पोरानं आणली, गोठ्याकडून."

ज्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं गुरं बसतात तिथं कर्ब जास्त असणारच. म्हणून तर नमुना काढताना धुरा, झाडाची सावली आणि उकिरडा टाळायचा, नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करायची, असं सांगतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ सालची पद्धत वापरतात. चाळलेली एक ग्रॅम माती, त्यात पोटॅशियम डायक्रोमेट, वरून तीव्र गंधकाम्ल. काचेचं पात्र हाताला चटका बसेल इतकं तापतं. अर्धा तास थांबायचं, मग थेंब थेंब फेरस अमोनियम सल्फेट सोडायचं. गडद जांभळट द्रावण एका थेंबात लख्ख हिरवं होतं. तिथं हात थांबवायचा. कर्ब जाळण्यात किती डायक्रोमेट खर्ची पडलं त्यावरून कर्ब काढतात. पण या पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्केच सापडतो. म्हणून उत्तराला १.३ ने गुणतात. काही ठिकाणी गुणतात, काही ठिकाणी नाही. आता ०.४५ ला १.३ ने गुणून पाहा: ०.५८५! मातीत काडीचाही फरक न पडता, नुसती प्रयोगशाळा बदलली तरी काकांचा "वाढलेला" कर्ब निघू शकतो.

तो खरंच वाढला असता तर? एक हेक्टर, १५ सेंटिमीटर खोली आणि एका घनमीटरला १.३ टन वजन धरलं तर १,९५० टन माती होते. ०.१३ टक्के म्हणजे त्यात अडीच टन कर्ब नव्याने मुरायला हवा. आपण टाकलेल्या शेणखतातला आणि कुटारातला बराचसा कर्ब सूक्ष्मजीव खाऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत सोडतात, मागे थोडाच उरतो. दोन-तीन हंगामांत एवढी भर पडणं कठीण.

या हिशेबात घनतेचा आकडा गृहीत धरलेला आहे, आणि काळ्या मातीत खरी मेख तीच. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. त्यामुळे घनता मोजायची तर दर वेळी सारख्याच ओलीत मोजावी लागते. शिवाय वरची माती भेगांतून खाली पडत राहते, तिच्यासोबत कर्बही खोल जातो. कर्बाचा साठा मोजणारे म्हणूनच किमान ३० सेंटिमीटर खणतात. आणखी एक अडचण चुनखडीची. माती जाळून कर्ब मोजणारं यंत्र अधिक अचूक खरं, पण ते चुन्यातला कर्बही मोजतं. तो वेगळा काढून वजा केला नाही, तर आकडा फुगतो.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. शेणखत आणि रासायनिक खत जोडीनं दिलेल्या वाफ्यांत कर्ब वाढल्याचं तिथं खात्रीनं सांगता येतं, कारण वाफे तेच आणि वर्षांमागून वर्षांची मोजणी हाताशी आहे. पऱ्हाटी पेटवण्याऐवजी तिची कुट्टी करून मातीत मिसळणाऱ्या माणसाचे कष्टही तितक्याच नेटानं मोजले जावेत, असं मला कळकळीनं वाटतं. मातीत साठवलेल्या कर्बाच्या बदल्यात शेतकऱ्याला पैसे देण्याची भाषा होते, तिथं तर जास्तच.

त्या दिवशी आम्ही पाच जागा ठरवल्या. मी फोनवर त्यांचे अक्षांश-रेखांश टिपले. काकांनी मात्र पावलं मोजली आणि नव्या कार्डाच्या पाठीवर लिहिलं: बाभळीपासून उगवतीला ४० पावलं, एक फूट खोल, पुन्हा पाच वर्षांनी.