चॅनेल कोणाचं? चॅटवरच्या अधिकाराची पार्श्वभूमी

ग्रुपमधून एखाद्याला काढलं की वाद दोन होतात. त्याला काढायला हवं होतं का, हा एक. आणि काढणारा हा कोण टिकोजीराव, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ग्रुपागणिक बदलतं. दुसऱ्याला मात्र चांगला 35 वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बहुतांशी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी 'हा निव्वळ तांत्रिक बदल आहे' असं म्हणत म्हणत घडवला आहे. सौजन्याचे नियम, ऑटोमॉड (म्हणजे संदेश आपोआप चाळणारी यंत्रणा), बंदीविरुद्ध अपील यांवर आज जे रण माजतं त्यात हा भाग सहसा निघत नाही. म्हणून हे टिपण.

अगदी आरंभीच्या काळात फार रेंगाळण्याचं कारण नाही. 1973 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संगणक यंत्रणेवर 'टॉकोमॅटिक' आलं; एका चॅनेलवर पाच जण, आणि प्रत्येकाचं अक्षर न् अक्षर उमटताना बाकीच्यांना दिसायचं. 1980 मध्ये अमेरिकेत 40 चॅनेल्सची एक व्यावसायिक चॅटसेवा निघाली. नकोशा माणसाचं बोलणं आपल्या पडद्यापुरतं बंद करायची सोय तिच्यात होती. दोन्हीकडे मालकीबद्दल संशय नव्हता. यंत्र ज्याचं, शेवटचा शब्द त्याचा.

गुंता सुरू झाला तो आयआरसीपासून, म्हणजे 'इंटरनेट रिले चॅट'पासून. ऑगस्ट 1988 मध्ये फिनलंडच्या ओउलू विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने ते लिहिलं आणि थोड्याच काळात देशोदेशीच्या विद्यापीठांचे सर्व्हर एकमेकांना जोडले गेले. जाळं सगळ्यांचं, मालक कोणीच नाही. चॅनेल काढायला परवानगी लागत नसे: जे नाव कोणी वापरत नाही ते टाइप करून पहिला जो आत शिरेल तो ऑपरेटर, बोलीत 'ऑप'. त्याच्या टोपणनावाआधी @ लागे. ज्याच्याकडे @ त्याला किक करता येई (म्हणजे चॅनेलबाहेर काढता येई), बॅन म्हणजे बंदी लावता येई, चॅनेल 'मॉडरेटेड' करून मोजक्यांनाच बोलू देता येई; आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला @ देता येई, काढूनही घेता येई. मे 1993 मधल्या आयआरसीच्या प्रोटोकॉलच्या, म्हणजे तांत्रिक नियमांच्या, दस्तऐवजात ऑपरेटर हा चॅनेलचा 'मालक' समजला जातो असं लिहिलं आहे, 'मालक' या शब्दाला अवतरणचिन्हं लावून. त्याच दस्तऐवजात सर्व्हर चालवणाऱ्यांच्या 'किल' या अधिकाराबद्दल, म्हणजे माणसाला अख्ख्या जाळ्यावरून उडवण्याबद्दल, म्हटलंय की त्याचं समर्थन करणं नाजूक आहे, कारण गैरवापर झाला तर तो विध्वंसकही असतो आणि वैताग आणणाराही. प्रोटोकॉलच्या कागदात इतका खुलेपणा क्वचितच दिसतो.

मेख अशी की ही मालकी कुठेच नोंदलेली नव्हती. ऑप हजर आहे तोवर ऑप. सगळे ऑप निघून गेले की चॅनेल बेवारस, आणि शेवटचा माणूस गेला की चॅनेलच नाहीसं. बंदीची यादीही त्याच्याबरोबर जायची.

इथे 'नेटस्प्लिट' हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं भांडण त्यातून निघालं. दोन सर्व्हरमधली जोडणी तुटली की जाळ्याचे दोन तुकडे होत. गप्पा रंगलेल्या असताना पडद्यावर एकदम निम्मे लोक गेल्याच्या ओळी धडाधड उमटायच्या. खरं तर कोणीच गेलेलं नसायचं, पलीकडच्यांना आपण गेल्यासारखे दिसायचो. आता समजा एका तुकड्यावर त्या चॅनेलमध्ये कोणीच उरलेलं नाही. तिथल्या सर्व्हरच्या लेखी ते नाव मोकळं झालं. टपून बसलेला माणूस तिथे शिरतो, पहिला म्हणून त्याला @ मिळतो. जोडणी पुन्हा जुळली की दोन्ही बाजूंचे ऑप एकत्र होतात, आणि हा पाहुणा एका झटक्यात बाकी सगळ्यांचे @ काढून घेतो. मग हवं त्याला बॅन. महिनोन्‌महिने सांभाळलेलं चॅनेल काही सेकंदांत दुसऱ्याचं व्हायचं. याला 'टेकओव्हर' म्हणत, आणि काही टोळ्यांचा तो आवडता खेळ होता.

यावर तोडगे दोन निघाले. एक 'डिले': स्प्लिटमध्ये नाहीसं झालेलं चॅनेलचं नाव किंवा टोपणनाव काही काळ कोणालाच घेऊ द्यायचं नाही. गैरसोय होते, पण सगळ्यांची सारखी. दुसरा 'टाइमस्टँप': चॅनेल केव्हा निघालं याची वेळ सर्व्हरने लक्षात ठेवायची आणि जोडणी जुळल्यावर नवीन बाजूचे @ आपोआप रद्द करायचे. कोणाला थांबावं लागत नाही. मात्र सर्व्हरांची घड्याळं बरोबर हवीत आणि सर्व्हर चालवणारे सरळ हवेत. ढोबळमानाने युरोपातले सर्व्हरवाले पहिल्या बाजूला होते, अमेरिकेतले दुसऱ्या. जुलै 1996 मध्ये हे मिटेना म्हणून जगातलं सगळ्यात मोठं चॅटचं जाळं उभं चिरलं गेलं. सर्व्हर ऑपरेटरांनी चॅनेलच्या भानगडीत किती पडावं, धोरण कोणी ठरवावं, हेही वाद त्यात होतेच. पण फुटायला निमित्त झालं ते या दोन तोडग्यांचं.

त्या वादाकडे सर्व्हरची डागडुजी म्हणून पाहण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. टाइमस्टँपने 'आधी आला तो धनी' हे तत्त्व कोडमध्ये पक्कं केलं; जुन्या वहिवाटीला हक्काचं रूप दिलं, तेही चॅनेलमध्ये बसणाऱ्यांपैकी कोणाला न विचारता. चांगला ऑप असेल तर त्याला यात संरक्षण मिळालं. नवख्यांना फाडून खाणाऱ्या ऑपलाही तेवढंच मिळालं. डिलेवाल्यांच्या पद्धतीत निदान हक्क कोणाचा हे यंत्र ठरवत नव्हतं. ते फक्त चोराला दाराशी थांबवत होतं. या फरकाची चर्चा तेव्हा घड्याळं आणि सर्व्हरच्या भारावर झाली, 'कोणाला बोलता येईल' यावर जवळजवळ नाही. अर्थात डिलेनेही शेवटचा ऑप चुकून बाहेर पडला तर काय, याचं उत्तर दिलं नव्हतं, हे मान्य करायला हवं.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन प्रयोगशाळेत हाच प्रश्न उघडपणे विचारला गेला. 'लॅम्बडामू' ही शब्दांनीच रंगवलेली खोल्यांची, पात्रांची दुनिया तिथल्या सर्व्हरवर चालत असे. ती सांभाळणाऱ्यांना 'विझर्ड' म्हणत. डिसेंबर 1992 मध्ये मुख्य विझर्डने जाहीर केलं की आम्ही यापुढे फक्त तंत्रज्ञ. आपसातले तंटे तुमचे तुम्ही सोडवा. चारच महिन्यांत, मार्च 1993 मध्ये, एका पात्राने छोटासा प्रोग्रॅम वापरून भर दिवाणखान्यात इतर पात्रं किळसवाणी लैंगिक कृत्यं करताहेत असा मजकूर सगळ्यांच्या पडद्यावर आणला. मागे बसलेल्या खऱ्या माणसांना तो मुकाट्याने वाचावा लागला. सभा भरली, बोलणं तासन्‌तास चाललं, ठराव झाला नाही. शेवटी एका विझर्डने एकट्याच्या जबाबदारीवर ते पात्र कायमचं पुसून टाकलं. त्यानंतर अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली गेली. तीही तंट्यांनी गजबजली, आणि 1996 मध्ये विझर्डांनी उलट जाहीर केलं: तांत्रिक आणि सामाजिक निर्णय वेगळे काढता येत नाहीत, आम्ही पुन्हा हस्तक्षेप करू. ही दुसरी घोषणा पहिलीइतकी सांगितली जात नाही. माझ्या मते महत्त्वाची तीच.

आयआरसीवाल्यांनी मात्र वेगळी वाट धरली: राखणदार म्हणून बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, बसवले. सगळ्यात गाजलेला बॉट डिसेंबर 1993 मध्ये लिहिला गेला, आणि तो समलैंगिक किशोरवयीनांच्या एका चॅनेलचं रक्षण करण्यासाठी, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. ज्यांना सगळ्यात जास्त शिव्या खाव्या लागत होत्या त्यांच्यासाठी बनलेलं हत्यार पुढे सगळीकडे गेलं. टेकओव्हर करणाऱ्या टोळ्यांकडेही. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून काही जाळ्यांनी 'चॅनसर्व्ह'सारख्या सेवा आणल्या. चॅनेलची नोंदणी करा, पासवर्ड ठेवा, मग स्प्लिट होवो की काही होवो, चॅनेल तुमचं. मालकी आता कायमची झाली. फक्त तिची वही सर्व्हर चालवणाऱ्यांच्या कपाटात गेली.

याची किंमत कळायला 2021 उजाडावं लागलं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या सगळ्यात मोठ्या चॅट-नेटवर्कवर चांगली संस्कृती रुजली होती. तिथल्या सूचनांत ऑपना सांगितलेलं असे की @ मिरवत बसू नका, लागेल तेव्हा लावा नि काम झालं की काढा. शक्यतो हत्यार न उपसता बोलूनच वातावरण निवळवा. नव्या माणसाला पहिल्या पावलाला रांगेत उभे पोलीस दिसू नयेत, हा त्यामागचा विचार. मे 2021 मध्ये नेटवर्कच्या ताब्यावरून वाद पेटला, स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे देऊन नवीन नेटवर्क काढलं. आठवडाभरात जुन्याच्या नव्या चालकांनी शेकडो चॅनेल्स ताब्यात घेतली. अपराध काय, तर चॅनेलच्या विषयओळीत नव्या नेटवर्कचा उल्लेख. स्प्लिटची वाट पाहत टपून बसायची गरजच उरली नव्हती. वही हातात होती.

व्यावसायिक सेवांची गोष्ट समांतर चालली आणि तिला वळण दिलं कायद्याने. 1995 मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने ठरवलं की जी सेवा मजकूर चाळते, शिव्या गाळते, तीच त्यातल्या बदनामीला प्रकाशक म्हणून जबाबदार. 1991 मध्ये दुसरी सेवा काहीच पाहत नव्हती म्हणून सुटली होती. म्हणजे झाडू मारणाऱ्यालाच कचऱ्याचा दंड. 1996 च्या अमेरिकन कायद्यातल्या कलम 230 ने हे उलटवलं आणि सद्‌हेतूने केलेल्या नियमनाला संरक्षण दिलं. प्रत्यक्ष काम करत होते स्वयंसेवक. त्यातल्या काहींनी 1999 मध्ये, ही नोकरीच आहे, पगार द्या, म्हणून एका मोठ्या इंटरनेट कंपनीवर दावा लावला. 2010 मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. याच कंपनीच्या शिव्या गाळणाऱ्या फिल्टरने 1996 मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्पच्या रहिवाशांना खातं उघडू दिलं नव्हतं, कारण गावाच्या नावात चार अक्षरांचा एक नको तो शब्द दडलेला होता. ऑटोमॉडवर आज होणारी बहुतेक थट्टा तेव्हाच करून झाली आहे.

माणसं परवडेनात आणि यंत्र भरवशाचं नाही, तेव्हा सरळ दार लावणं हाही उपाय झाला. 14 ऑक्टोबर 2003 रोजी एका बड्या कंपनीने 28 देशांतल्या मोफत चॅटरूम्स बंद केल्या. कारण दिलं मुलांच्या सुरक्षिततेचं. टीकाकारांनी खर्चाकडे बोट दाखवलं. दोन्ही खरं असायला हरकत नाही.

2015 नंतरच्या सेवांवर आयआरसीचाच सांगाडा नव्या कपड्यांत दिसतो: चॅनेल्स आहेत, @ च्या जागी अधिकार देणारे रंगीत 'रोल' आहेत, बॉट आहेत. नवीन काय, तर वेगाला लगाम. 'स्लो मोड'मध्ये दोन संदेशांत ठराविक सेकंदांचं अंतर ठेवावं लागतं. डिसेंबर 2016 मध्ये व्हिडिओ गेम्सचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या एका सेवेने संशयास्पद संदेश पडद्यावर येण्याआधीच अडवून मॉडरेटरपुढे 'जाऊ द्या / अडवा' असा पर्याय ठेवायला सुरुवात केली. हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. आयआरसीवर ऑप बोललेल्यावर कारवाई करायचा. इथे बोलणं होण्याआधीच त्याला परवानगीची गरज आली. फरक इतकाच सांगितला गेला की मॉडरेटरांचं काम हलकं होईल.

युरोपीय संघाच्या कायद्याने फेब्रुवारी 2024 पासून मंचांना मजकूर काढल्याचं कारण कळवणं बंधनकारक केलं. ब्रिटनमधल्या बेकायदा मजकुरासंबंधीच्या जबाबदाऱ्या मार्च 2025 मध्ये लागू होण्याआधीच, स्वयंसेवकांच्या जिवावर चालणाऱ्या काही लहान समुदायांनी कुलूप लावण्याची घोषणा केली. कागदपत्रांचा भार मोठ्यांना पेलतो, लहानांना पेलत नाही.

व्हॉट्सॲपवर तर प्रश्न पुन्हा मुळावर येतो. संदेश एन्क्रिप्टेड, त्यामुळे कोणी तक्रार केल्याशिवाय कंपनीला मजकूर दिसत नाही. तक्रार झाली की शेवटचे पाच संदेश तिच्याकडे जातात. बाकी सगळं ॲडमिनवर. 2018 मध्ये 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' ही सोय आली, जी आयआरसीवर फार आधीपासून होती. भारतात 2021 मध्ये एका आणि फेब्रुवारी 2022 मध्ये दुसऱ्या उच्च न्यायालयाने म्हटलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला निव्वळ ॲडमिन म्हणून कोणी दोषी ठरत नाही. पहिल्या निकालातला युक्तिवाद बटणांवरच उभा होता: ॲडमिनला माणूस घेता येतो, काढता येतो, मजकूर येण्याआधी तो अडवता येत नाही. पुढे 2022 मध्येच ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी पुसण्याचं बटण मिळालं. पुसल्यावर त्या जागी ॲडमिनने संदेश हटवल्याची ओळ राहते आणि कोणत्या ॲडमिनने तो हटवला हे ग्रुपला कळतं. आता पुसता येत असताना न पुसलेल्या संदेशाची जबाबदारी कोणाची, हे विचारलं जाणार. ते दोन्ही निकाल या बटणाच्या आधीचे आहेत.