भुयारी गटाराची जोडणी: अर्ज, कागदपत्रे आणि अर्ज परत येण्याची कारणे

लहान वस्तीच्या गटार योजनेत जोडणीचा अर्ज जेमतेम एका पानाचा असतो. घोडं अडतं ते सोबतच्या नकाशावर.

अर्ज मिळकतीच्या मालकानेच करायचा. भाडेकरूला मालकाची लेखी संमती लागते आणि पाइप शेजाऱ्याच्या जागेतून जाणार असेल तर त्याचीही. एरवी मालकीचा पुरावा, ओळखपत्र, नळजोडणीचं बिल आणि परवानाधारक प्लंबरची सही असलेला नकाशा एवढं पुरतं. खानावळ, गॅरेज, दुग्धशाळा यांच्यासाठी अर्ज वेगळा; तेल-चरबी अडवणारा चेंबर दाखवल्याशिवाय तो सहसा पुढे सरकत नाही.

नकाशात घरातून निघणाऱ्या पाइपचा तळ आणि मुख्य वाहिनीचा तळ, या दोन्हींच्या पातळ्या हव्यात. 100 मिमी पाइपला साधारण 60 ला 1 उतार धरतात, म्हणजे 18 मीटर अंतराला 30 सेंमी. उतार कमी पडला की मैला तळाशी बसतो. पातळी नुसत्या अंदाजाने लिहिलेली असते, अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण हेच. प्रत्येक वळणावर तपासणी चेंबर दाखवा. संडास मुख्य वाहिनीवरच्या, प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खालच्या पातळीवर असेल तर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवाच, नाहीतर मुख्य वाहिनी तुंबली की सगळी घाण तुमच्या घरात वर येईल.

पावसाचं पाणी गटारात सोडणार नाही, असं हमीपत्रही द्यावं लागतं. त्यावर लोक न वाचताच सही करतात. हिशेब करून पाहा: 100 चौरस मीटर छपरावर 50 मिमी पाऊस पडला की 5,000 लिटर पाणी होतं. पाच माणसांच्या घराचं रोजचं सांडपाणी पाचसहाशे लिटरच्या आसपास. अशी दहा-वीस छपरं गटाराला जोडली गेली की छोट्या प्रक्रिया केंद्राच्या टाकीतला, सांडपाणी साफ करणारा जिवाणूंचा गाळ पाण्याबरोबर वाहून जातो आणि तो पुन्हा तयार व्हायला दिवस नव्हे, आठवडे लागतात.

मंजुरीनंतर शुल्क भरा, मग खोदकाम. तपासणी होईपर्यंत चर बुजवू नका. बुजवलेला चर पुन्हा उकरायला लावतात. पाइपमध्ये पाणी भरून सांधे गळतात का ते पाहिलं जातं, कारण गळक्या सांध्यातून भूजलही आत शिरतं. जुनी सेप्टिक टाकी उपसून, तळाला भोक पाडून मुरुमाने भरायची. ती पोकळ राहिली तर कधीतरी स्लॅब खचतो.

पुढे कधी तुंबलं तर आधी हद्दीवरच्या चेंबरचं झाकण उघडा. आत उतरू नका, तिथला वायू जीव घेतो. चेंबर कोरडा असेल तर अडथळा घराच्या बाजूला, म्हणजे दुरुस्ती तुमची. भरलेला असेल तर योजनेच्या कार्यालयाला कळवा.