जॅक रसेल टेरियर

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात खोकडाच्या शिकारीसाठी घडलेली कुत्र्याची एक छोटी जात. खांद्यापाशी उंची २५ ते ३० सेंमी., वजन सुमारे ५ ते ६ किग्रॅ. अंग मुख्यत्वे पांढरे, डोक्यावर व शेपटीच्या मुळाशी तपकिरी किंवा काळे ठिपके. केस तुळतुळीत, राठ किंवा दोन्हींच्या मधले. लांब पायांचे जे कुत्रे साधारण ३५ सेंमी.पर्यंत वाढतात, त्यांची नोंद ‘पार्सन रसेल टेरियर’ या वेगळ्या नावाने होते.

नाव पडले ते रेव्हरंड जॉन रसेल (१७९५–१८८३) या धर्मोपदेशकावरून. स्विमब्रिज गावच्या चर्चइतकीच त्यांना शिकारीचीही ओढ होती. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची पांढरी कुत्री विकत घेतली. साल १८१९ असे सांगतात. पुढचा वंश तिच्यापासून धरला जातो. कुत्र्यांच्या जातींना मान्यता देऊन त्यांची नोंद ठेवणारा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला; रसेल त्याचे आरंभीचे सभासद होते, फॉक्स टेरियरांचे परीक्षकही होते. पण स्वतःचे कुत्रे मात्र ते प्रदर्शनात उतरवीत नसत. काम महत्त्वाचे की रूप, हा वाद या जातीच्या पाठीशी तेव्हापासून आहे. १९७६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या जॅक रसेल क्लबने तर केनेल क्लबांच्या मान्यतेलाच विरोध केला. तो पिल्लांची जन्मतः नोंद करीत नाही. कुत्रा वर्षाचा झाला आणि पशुवैद्याने तपासला, की मगच करतो. ब्रिटिश केनेल क्लबने पार्सनला १९९० साली आणि आखूड पायांच्या जॅक रसेलला थेट २०१६ साली मान्यता दिली.

इंग्रजांचा ‘फॉक्स’ म्हणजे आपला कोल्हा नव्हे; आपल्याकडच्या खोकडाचाच तो थोराड, तांबूस भाऊबंद. तो बिळात दडला की टेरियरने आत शिरायचे, भुंकून त्याला बाहेर हुसकायचे किंवा जागीच अडवून धरायचे. मारायचे नाही; मारला तर घोडेस्वारांचा पाठलाग तिथेच आटोपला. म्हणून छाती इतकी अरुंद आणि लवचीक हवी, की कोपरांमागे माणसाच्या दोन्ही पंज्यांच्या कवेत मावावी. जमिनीखालून आवाज वर पोचावा म्हणून भुंकणे खणखणीत. मालक दिसत नसताना, अंधारात, आपल्याएवढ्याच जनावरासमोर निर्णय स्वतः घ्यायचा.

घरातल्या तक्रारींचे मूळ इथेच सापडते. बागेतली रोपे उकरणे, दाराची घंटा वाजताच घर डोक्यावर घेणे, मांजरामागे धावताना हाक कानांआड करणे, हे बिघडलेल्या कुत्र्याचे चाळे नव्हेत. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घेतलेले गुण आहेत. आकार पाहून फ्लॅटसाठी हा कुत्रा घेणारे इथेच फसतात. रोज तासाभराहून जास्त पळणे-खेळणे, वास काढून वस्तू शोधण्यासारखे डोक्याला काम आणि लहानपणापासून सातत्याची शिकवण मिळाली, तर तो हुशार आणि लाघवी सोबती ठरतो. पांढऱ्या उंदरांचा किंवा सशांचा पिंजरा मात्र त्याच्या घरात नसावा. सोबत दीर्घकाळाची असते : ब्रिटनमधल्या २०२२ सालच्या एका अभ्यासात त्याचे सरासरी आयुर्मान १२.७ वर्षे, म्हणजे तपासलेल्या जातींत सर्वाधिक निघाले.

एवढी काटक जात असली तरी प्रजननात डोळे झाकून चालत नाही. डोळ्यांवरूनच सांगायचे तर नेत्रभिंग निसटण्याचा आनुवंशिक विकार. भिंगाला धरून ठेवणारे तंतू तुटतात, डोळ्यातला दाब वाढतो, वेदना होतात आणि दृष्टी जाते; बहुधा दुसरा डोळाही त्याच वाटेने जातो. खरी अडचण वयाची. लक्षणे साधारण तीन ते आठ वर्षांदरम्यान दिसतात, तोवर त्या कुत्र्याची एक-दोन वेते होऊनही गेलेली असतात. म्हणून ‘आमचा कुत्रा ठणठणीत आहे’ या वाक्याला इथे किंमत नाही. जनुक चाचणीच हवी. दोष एकाच पालकाकडून आलेला कुत्रा म्हणजे वाहक. दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला दोष दोन्हीकडून मिळण्याची शक्यता २५ टक्के. वाहक आणि निर्दोष अशी जोडी जमवली तर ती राहत नाही. सगळेच वाहक बाद करणेही शहाणपणाचे नाही, कारण त्याने वंशाचा पाया अरुंद होतो. चालताना तोल जाण्याच्या आनुवंशिक विकारांसाठीही चाचण्या आहेत. पांढऱ्या रंगाशी बहिरेपणाचे नाते आहे. एकाच कानाने बहिरे पिल्लू घरात कळून येत नाही, त्यासाठी मेंदूची श्रवणतपासणी करावी लागते. गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष पशुवैद्य हाताने तपासतो.

कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण असते. भारतात कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ साली झालेल्या नियमांनुसार ब्रीडरला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. अठरा महिन्यांआधी किंवा आठ वर्षांनंतर मादी लावता येत नाही. वर्षात एकच वेत, आयुष्यात फार तर पाच. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. ते शेवटचे आठवडे फुकट जात नसतात : भावंडांशी खेळताना किती जोराने चावले की समोरचा केकाटतो, हे पिल्लू तेव्हाच शिकते आणि या जातीला तो धडा जास्तच लागतो. इंग्लंडमध्ये २०२० पासून मधल्या विक्रेत्याने सहा महिन्यांखालचे पिल्लू विकण्यास मनाई आहे. ब्रीडरने ते आईसोबतच दाखवायचे असते. चांगला ब्रीडर घेणाऱ्यालाही उलट प्रश्न विचारतो : दिवसभर घरी कोण असते, कुंपण किती खोल गेले आहे? आणि जमले नाही तर कुत्रा कोणत्याही वयात परत घेईन, असे लिहून देतो.