चिनी फुलदाणीच्या तळावरची अक्षरे

ऑक्टोबर २०२२ मध्ये पॅरिसजवळच्या फॉन्तेनब्लो येथे एका लिलावात ५४ सेंटिमीटर उंचीची निळी-पांढरी चिनी फुलदाणी विक्रीस आली. गोल पोटाच्या, उंच गळ्याच्या या फुलदाणीवर ढगांत विहरणारे ड्रॅगन रंगवलेले होते. लिलावगृहाच्या तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातील शोभेची वस्तू ठरवून तिची किंमत दीड ते दोन हजार युरो धरली होती. प्रत्यक्षात शुल्कासह ती सुमारे ९१ लाख युरोंना विकली गेली, कारण बोली लावणाऱ्यांना ती अठराव्या शतकातील वाटली. एकाच वस्तूच्या वयाबद्दल जाणकारांत दोनशे वर्षांचे अंतर पडावे, हे चिनी मातीच्या कामात का घडते हे समजण्यासाठी फुलदाणी उलटी करून तिचा तळ पाहावा लागतो.

च्यांगशी प्रांतातील जिंगदेझेन हे या कामाचे मुख्य गाव. पंधराव्या शतकापासून तेथील बादशाही भट्ट्यांतून निघणाऱ्या भांड्यांच्या तळाशी चार किंवा सहा अक्षरे लिहिण्याचा प्रघात पडला. सहा अक्षरांत राजवंशाचे नाव, सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव आणि त्या काळात घडवल्याचा उल्लेख असतो. ही अक्षरे तारखेसारखी वाचण्याचा मोह होतो आणि बहुतेक चुका तेथेच होतात. कांगशी सम्राटाच्या काळात, १६७७ मध्ये, स्थानिक दंडाधिकाऱ्याने खाजगी कुंभारांना सम्राटाचे नाव भांड्यावर लिहिण्यास मनाई केली. मग कुणी तळाशी नुसती दोन निळी वर्तुळे काढली, कुणी पान किंवा धूपपात्र रंगवले, तर कुणी दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या, आधीच्या मिंग राजवंशातील सम्राटांची नावे लिहिली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ग्वांगशू सम्राटाच्या कारकिर्दीत, निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी आलुबुखाराची फुले असलेल्या बरण्यांवर स्वतः कांगशीचेच नाव सर्रास येऊ लागले. यामागे प्रत्येक वेळी फसवणूकच होती असे मी मानत नाही. जुन्या काळातील उत्तम कामाचा मान राखणे हा चिनी कारागिरीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार आहे. परंतु त्या मानाचा व्यापारी उपयोगही तितकाच जुना आहे, आणि आज कारखान्यातून निघालेल्या फुलदाणीवर अठराव्या शतकातील छियानलोंग सम्राटाचा लाल चौकोनी शिक्का दिसतो तो याच परंपरेचा भाग आहे.

छिंग राजवटीविरुद्धच्या ताइपिंग बंडात १८५५ च्या सुमारास जिंगदेझेनच्या भट्ट्या उद्ध्वस्त झाल्या, पुढच्या दशकात त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि राजेशाही संपवणाऱ्या १९११ च्या क्रांतीनंतर बादशाही भट्ट्यांचा आश्रय कायमचा संपला. या टप्प्याकडे सहसा दुर्लक्ष होते, ते होऊ नये. दरबाराचे काम गेल्यावर चितारी खाजगी कार्यशाळांकडे वळले आणि चिनी मातीवर चित्रकाराची स्वतःची सही, कविता आणि मोहोर ठळकपणे येऊ लागली. वांग छी आणि वांग दाफान यांच्यासारख्यांनी १९२८ मध्ये एकत्र येऊन ज्या मंडळाची सुरुवात केली, ते ‘झूशानचे आठ मित्र’ म्हणून ओळखले जाते. त्यांच्या अस्सल कामाला आज मोठी किंमत येते. त्यामुळे ‘विसाव्या शतकातील’ म्हणजे ‘स्वस्त’ हे समीकरण मुळातच चुकीचे आहे.

वय ठरवण्यासाठी सम्राटाच्या नावापेक्षा कायदे आणि व्यापार अधिक उपयोगी पडतात. अमेरिकेने १८९० मध्ये केलेल्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे बंधनकारक केले, तेव्हापासून तळाशी ‘चायना’ हा शब्द दिसू लागला. ‘मेड इन चायना’ ही अक्षरे त्यानंतर रूढ झाली. १९५० च्या अखेरीपासून १९७१ पर्यंत अमेरिकेने चीनशी व्यापार बंद ठेवला होता, म्हणून तेथील घरांत सापडणाऱ्या निर्यातीच्या फुलदाण्या बहुधा या बंदीच्या आधीच्या किंवा नंतरच्या असतात. चीनने १९५६ मध्ये सोपी केलेली अक्षरे अधिकृत केली, त्यामुळे ‘जिंगदेझेन’मधले ‘झेन’ हे अक्षर सोप्या रूपात असेल तर फुलदाणी त्याआधीची असणे जवळजवळ अशक्य. उलट मात्र सिद्ध होत नाही, कारण जुनी अक्षरे शोभेसाठी आजही लिहिली जातात. काही तळांवर ‘हाँगकाँगमध्ये रंगवलेले’ असा इंग्रजी मजकूर असतो; तेथे बाहेरून आणलेल्या कोऱ्या पांढऱ्या भांड्यांवर रंगकाम होत असे.

अक्षरांनंतर हात आणि भिंग कामाला येते. तळाच्या कड्यावर झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसते. तेथे भाजलेली माती उघडी दिसते. जुन्या कड्याची धार वर्षानुवर्षांच्या सरकवण्याने गुळगुळीत झालेली असते आणि तिचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना जातात. नव्या वस्तूला जुनी भासवण्यासाठी चोळलेला तपकिरी रंग मात्र खाचाखोचांतही सारखाच बसतो आणि ओल्या फडक्याला लागू शकतो. चाकावर तुकड्यांत घडवून जोडलेल्या मोठ्या फुलदाणीच्या आत बोट फिरवले तर पोटाच्या मध्यावर जोडाचा उंचवटा लागतो. भिंगाखाली पाकळीचा रंग समान ठिपक्यांत विरघळला तर ते छापील चित्र चिकटवून भाजलेले काम आहे. हाताने रंगवलेल्या पाकळीत कुंचला जिथे थांबला तिथे रंग दाट होतो आणि शेजारची पाकळी तिच्यासारखी कधीच नसते. छापील बाह्यरेषेत हाताने रंग भरण्याची मिश्र पद्धतही फार प्रचलित आहे, तेव्हा एकच पाकळी पाहून निर्णय देऊ नये. नजर तयार करायची असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी भांडी निवांत पाहावीत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिंगदेझेनच्या सरकारी कारखान्यांनी निर्यातीसाठी प्रचंड उत्पादन केले. त्यांपैकी बहुतेक १९९० च्या दशकात बंद पडले. त्यांच्या चांगल्या हातकामाला आता संग्राहक मिळू लागले आहेत, पण साध्या छापील फुलदाण्यांची किंमत घरसजावटीच्या वस्तूइतकीच राहते. फुलदाणीचा दिवा करताना तार नेण्यासाठी तळाला भोक पाडले असेल तर चांगल्या कामाचीही किंमत बरीच उतरते, आणि अशी भोके नेमकी तळावरच्या अक्षरांमधून पाडलेली आढळतात.