काजूच्या कारखान्यातली चाळिशी

मार्च उजाडला की वेंगुर्ला, सावंतवाडी, लांजा या पट्ट्यातल्या काजू कारखान्यांत नव्या बियांची पोती येऊ लागतात. बी वाफवायची, वाळवायची, फोडायची, गर सुकवायचा, मग साल काढून प्रतवारी. फोडणं, सोलणं आणि निवडणं बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. अख्खा गर, पाकळी, तुकडा असे ढीग वेगळे होतात. अख्ख्यातही आकाराप्रमाणे भाव असतो. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर. अख्ख्याचा तुकडा झाला की भाव तिथेच घसरतो.

अशा जागी कामगारांच्या आरोग्यासाठी मालकाने पैसे घालावेत का? माझं उत्तर हो असं आहे. मात्र पैसे कशावर घालायचे, इथेच बहुतेकांचं चुकतं.

शहरांतल्या मोठ्या कंपन्या योगवर्ग घेतात, पावलं मोजण्याच्या स्पर्धा लावतात, आहारावर व्याख्यानं ठेवतात. २०१० साली अमेरिकेतल्या एका गाजलेल्या आढाव्यात अशा कार्यक्रमांवरच्या प्रत्येक डॉलरमागे उपचारांचा खर्च सव्वातीन डॉलरनी वाचतो, असं अनुमान निघालं. पुढे इलिनॉय विद्यापीठात २०१६ साली सुमारे ४,८०० कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. कार्यक्रम कोणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, निव्वळ योगायोगाने ठरवलं. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या उपचारखर्चात, रजांत किंवा कामात ठळक फरक दिसला नाही. पण त्याच माहितीत फक्त भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली, की फायदा दिसायचा! कारण आपणहून नाव नोंदवणारे मुळातच जास्त निरोगी होते. अमेरिकेतल्याच एका दुकानसाखळीच्या सुमारे १६० शाखांतही असाच प्रयोग झाला. दीड वर्षानंतर नियमित व्यायाम करतो असं सांगणारे वाढले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रजा आणि खर्च होते तिथेच राहिले.

माणसाने आपल्या सवयी बदलाव्यात, यावर या कार्यक्रमांची सगळी भिस्त असते. काम ज्या परिस्थितीत होतं ती बदलली की चित्र पालटतं.

आसाममध्ये चाळिशी ओलांडलेल्या ७५१ चहामळा कामगारांवर झालेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. वयानुसार डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं धूसर दिसू लागतं. निम्म्यांना जवळचं पाहायचा चश्मा लगेच दिला, उरलेल्यांना प्रयोग संपल्यावर. चश्मा मिळालेल्यांची दिवसाची पानखुडणी दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. पन्नाशीपुढच्यांची त्याहूनही जास्त. चहाचं पान ज्या अंतरावरून पाहायचं, त्याहून काजूचा गर जवळ धरावा लागतो. सालीचा उरलेला पापुद्रा, किडीचा बारीक डाग, पाकळीची चीर हे सगळं चाळिशीनंतर उघड्या डोळ्यांना निसटतं. तयार चश्मा काही शे रुपयांत मिळतो. जिथे किलोवर मजुरी आहे, तिथे तो बाईच्या हातात जास्त पैसे देईल आणि मालकाला जास्त अख्खा माल, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी गोष्ट उष्म्याची. किनाऱ्यावर पारा नागपूरइतका चढत नाही, म्हणून आपण उकाडा फारसा मनावर घेत नाही. पण अंग थंड होतं ते घाम हवेत उडून गेल्यावर. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल, तर घाम नुसता ओघळतो. पाणी आणि क्षार जातात, उष्णता आतच राहते. त्यात काजू वाफवायचा बॉयलर आणि गर सुकवायची भट्टी शेजारी! बंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी दिवे लावले, तेव्हा आतलं तापमान सुमारे दोन अंशांनी उतरलं आणि गरम दिवसांत उत्पादनात होणारी घट बऱ्याच अंशी भरून निघाली. दिवे बदलले होते वीज वाचवायला. भट्टीची खोली वेगळी करणं, गरम हवा छपरातून बाहेर जाऊ देणं, पंखे आणि तासाला थोडी विश्रांती हे त्याच रांगेतले उपाय.

पिण्याच्या पाण्याची सोय करूनही बायका पाणी पीत नाहीत, याचं कारण अनेकदा शौचालय असतं. ते अस्वच्छ किंवा लांब असेल तर त्या दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. कोकम सरबताचा माठ ठेवण्याआधी कडी लागणारं, पाणी असलेलं शौचालय हवं.

हातांचं दुखणं तर उघड दिसतं. काजूच्या टरफलातलं तेल बिब्ब्याच्या तेलासारखंच कातडी भाजतं. दोन्ही झाडं एकाच कुळातली. बायका हाताला तेल किंवा राख चोळतात. जाड मोज्यांत बोटं मंदावतात आणि मजुरी बुडते, म्हणून मोजे खुंटीवर राहतात. पातळ, बोटांना बसणारे मोजे कामगारांनीच वापरून, निवडून घ्यायला हवेत.

आणि हे सगळं खरंच लागू पडतं का, हे कुठलाही कारखानदार स्वतः तपासू शकतो. फेब्रुवारीत, हंगामाआधी, सगळ्यांचे डोळे तपासून घ्यावेत. ज्यांना गरज आहे त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना चश्मे लगेच द्यावेत, बाकीच्यांना महिन्याने. तेवढ्या महिन्यात प्रत्येकीचे किती किलो झाले, त्यात अख्खा किती आणि तुकडा किती, हे वजनकाट्यावरच्या वहीत लिहून ठेवायचं.